अकाउंट्सची मिसळ? नको रे बाबा!

ऑफिसचा मेल, घरचा मेल, बाबांची बँक, आईचं लाइट बिल आणि शिवाय ते सेलमधले शूज... सगळं एकाच ब्राउजरमध्ये? मग कधी ना कधी रस्सा सांडणारच! प्रत्येक अकाउंटला स्वतःची वाटी देणाऱ्या 'कंटेनर'ची ही गोष्ट.

सोमवारची सकाळ. साडेअकरा वाजलेले. अंबड एमआयडीसीतलं एक छोटंसं ऑफिस. खाली शॉपफ्लोअरवर प्रेस मशीनची धडधड, वर एसीची घरघर आणि टेबलावर अर्धा राहिलेला कटिंग. आमची एक मैत्रीण ('नाव छापलंस तर बघ,' अशी धमकी आहे!) इथे परचेस, डिस्पॅच, अकाउंट्स असं सगळंच सांभाळते. मालक एकच, पण फर्म दोन. एक जुनी, मालकांच्या वडिलांच्या काळातली. दुसरी नवी, प्रायव्हेट लिमिटेड. दोन्हींचे जीएसटी नंबर वेगळे आणि ज्या मोठ्या कंपनीला या दोघी पार्ट पुरवतात, तिच्या सप्लायर पोर्टलवरची लॉगिनही वेगळी.

बारा वाजता कोटेशन भरायची मुदत संपणार होती. एका टॅबमध्ये जुन्या फर्मचं लॉगिन, आकडे भरून तयार. तेवढ्यात सरांचा फोन, 'अगं, नव्या फर्मचं पेमेंट आलंय का बघ ना जरा.' हिने शेजारी दुसरा टॅब उघडला, नव्या फर्मने लॉगिन केलं, पेमेंट बघितलं, सरांना सांगितलं आणि परत पहिल्या टॅबवर येऊन 'सबमिट' दाबलं. स्क्रीनवर हिरवी टिकमार्क. हुश्श!

पण हुश्श कसलं? टॅबमध्ये दिसत होती जुनी फर्म आणि कोटेशन गेलं नव्या फर्मच्या नावाने. बारा वाजून गेल्यावर ते लक्षात आलं. पुढचे तीन दिवस फोन, मेल, विनवण्या. ऑर्डर कशीबशी वाचली, पण 'तुझं लक्ष कुठे असतं गं?' हे वाक्य ऐकावं लागलं ते लागलंच. तेही अप्रेझलच्या महिन्यात!

आता खरी गंमत सांगू? लक्ष तिचं जागेवरच होतं. घोळ घातला होता ब्राउजरने.

एक गेट, एक पास

हे असं का होतं, ते तिला कुणा सायबर एक्स्पर्टने नाही, तर ऑफिसचे कॉम्प्युटर बघायला येणाऱ्या दादाने समजावलं. आणि तेही एकदम एमआयडीसी स्टाइलमध्ये.

'ताई, तुम्ही कुठल्याही कंपनीत गेलात की गेटवर सिक्युरिटीवाला काय करतो? नाव लिहून घेतो आणि गळ्यात पास अडकवतो. मग आत प्रत्येक दारावर कुणी तुमचं नाव विचारत नाही, पास बघतात. वेबसाइटचं पण तसंच. तुम्ही एकदा पासवर्ड टाकला की साइट तुमच्या ब्राउजरला एक पास देते. त्याला म्हणतात कुकी. पुढच्या प्रत्येक क्लिकला ब्राउजर तोच पास दाखवतो.'

'मग प्रॉब्लेम कुठे आला?'

'ब्राउजर एका गेटचा एकच पास ठेवतो. तुम्ही नव्या फर्मने लॉगिन केलं, जुना पास गेला कचऱ्यात. पहिल्या टॅबवर जुन्या फर्मचं पान नुसतं चित्रासारखं उघडं होतं. सबमिट दाबल्यावर पास दाखवला गेला तो नवा!'

आहे की नाही साधी गोष्ट? ही कुकी काही आजची नाही. नेटस्केप ब्राउजरवर काम करणाऱ्या लू मोंटुली या इंजिनिअरने १९९४मध्ये ती आणली. त्याआधी वेबसाइटची स्मरणशक्ती म्हणजे शून्य होती. प्रत्येक क्लिकला तुम्ही तिच्यासाठी नव्याने आलेले पाहुणे! खरेदीच्या कार्टमध्ये टाकलेली वस्तू लक्षात ठेवायची तर काहीतरी खूणचिठ्ठी हवी, म्हणून कुकी आली. कल्पना झकास होती. पण एका माणसाची एका साइटवर तीन-तीन अकाउंट्स असतील, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नात होतं?

आज मोजून बघा ना. ऑफिसचा मेल, पर्सनल मेल आणि कॉलेजात असताना काढलेला तो 'कूल'वाला मेल. कंपनीचं सोशल मीडिया पेज आणि स्वतःचं प्रोफाइल. सीएच्या ऑफिसात असाल तर एकाच जीएसटी पोर्टलवर तीस क्लायंटची तीस लॉगिन! घरी आई-बाबा असतील तर त्यांचं नेटबँकिंग, महावितरणचं बिल, महापालिकेची घरपट्टी, नोव्हेंबरात बाबांचा हयातीचा दाखला. 'तू बसतोसच ना दिवसभर कॉम्प्युटरसमोर, मग तेवढं करून टाक की!' हे वाक्य ऐकलं नाही असा नाशिककर नोकरदार दाखवा.

मिसळणाचा डबा आठवा!

दादाने तिच्या कॉम्प्युटरवर एक इलाज करून दिला. फायरफॉक्स ब्राउजर टाकला आणि त्यात 'मल्टी-अकाउंट कंटेनर्स' नावाचं एक ॲड-ऑन. फुकट. वेळ लागला पाच मिनिटं.

कंटेनर म्हणजे काय, हे समजायला आईच्या ओट्यावरचा मिसळणाचा डबा आठवा. डबा एकच, पण आत वाट्या वेगळ्या. हळद हळदीच्या वाटीत, तिखट तिखटाच्या, मोहरी मोहरीच्या. झाकण एक, चमचा एक, पण हळदीत मोहरी जात नाही. कंटेनरमध्ये ब्राउजर एकच राहतो, खिडकीही एकच, पण प्रत्येक टॅब कुठल्या वाटीतला ते ठरलेलं असतं. 'ऑफिस' वाटीतल्या कुकीज 'घर' वाटीला दिसत नाहीत. म्हणजे एकाच साइटचे दोन पास दोन वेगवेगळ्या खिशांत. एका टॅबमध्ये जुनी फर्म, शेजारच्या टॅबमध्ये नवी फर्म, दोघी एकाच वेळी लॉगिन आणि कुणी कुणाला बाहेर ढकलत नाही.

आणि घोळ होऊ नये म्हणून रंग! प्रत्येक कंटेनरचा टॅब त्याच्या रंगाच्या रेषेने ओळखता येतो. ॲड-ऑन टाकलं की चार वाट्या तयारच मिळतात: पर्सनल निळी, वर्क नारिंगी, बँकिंग हिरवी, शॉपिंग गुलाबी. नाव, रंग, चिन्ह सगळं बदलता येतं. आमच्या मैत्रिणीने जुन्या फर्मला निळा दिला, नव्या फर्मला लाल. आता सबमिट दाबण्याआधी ती एकदा रंग बघते. 'सिग्नल बघून गाडी काढतो ना, तसं,' ती म्हणते. (नाशिकमध्ये सगळेच सिग्नल बघतात, असं समजून चालू या!)

हे कंटेनर आले कुठून? मोझिलाने २०१६च्या जूनमध्ये फायरफॉक्सच्या 'नाइटली' या चाचणीच्या आवृत्तीत ही कल्पना पहिल्यांदा उतरवली. माणूस ऑफिसात एक असतो, घरी एक, बाजारात तिसराच. मग ब्राउजरनेच त्याला सगळीकडे एकच चेहरा का लावावा, असा त्यामागचा विचार. २०१७च्या मार्चमध्ये ती प्रयोग म्हणून लोकांसमोर आली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रीतसर ॲड-ऑन झालं.

सगळ्या कंपन्यांत जाणारा चहावाला

इथवर झाली सोयीची गोष्ट. आता जरा प्रायव्हसीकडे वळू.

एमआयडीसीत एक माणूस असा असतो, ज्याला कुठल्याच गेटवर अडवत नाहीत. चहावाला! दहा कंपन्यांत त्याची किटली फिरते. समजा, त्याने एक वही केली. अमुक माणूस सकाळी या कंपनीत दिसला, दुपारी त्या कंपनीत, संध्याकाळी तिसरीकडे इंटरव्ह्यूला बसलेला. कुठल्याही एका कंपनीला तुमच्याबद्दल एवढी माहिती नाही, जेवढी त्या वहीत आहे.

इंटरनेटवर हे चहावाले म्हणजे जाहिरात कंपन्या. तुम्ही बातम्या वाचता, शूज बघता, गुडघेदुखीवरचे उपाय शोधता. साइट्स तीन वेगळ्या, पण तिन्हींत त्याच जाहिरात कंपनीचा तुकडा बसवलेला असतो. पूर्वी तो ठसठशीत 'लाइक'च्या बटणात असायचा, हल्ली डोळ्यांना न दिसणाऱ्या 'पिक्सेल'मध्ये असतो. तो तुकडा प्रत्येक ठिकाणी आपलीच कुकी वाचतो आणि वहीत नोंद करतो. म्हणून तर दुपारी बघितलेले शूज संध्याकाळी सगळीकडे तुमच्या मागे लागतात!

ही वही कुठवर जाऊ शकते, याचा झटका जगाला २०१८मध्ये बसला. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरण आठवतंय? फेसबुकवरच्या एका ॲपमधून लोकांची माहिती परस्पर एका राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली होती. भारतात ते ॲप टाकलं होतं फक्त ३३५ जणांनी. पण ॲप टाकणाऱ्यांचे मित्र धरून फटका बसला असण्याची शक्यता असलेले भारतीय निघाले ५ लाख ६२ हजारांवर. हा आकडा खुद्द फेसबुकने दिला होता. त्यातला आपण कोण, हे कुणाला कळलं?

त्या गदारोळातच, २७ मार्च २०१८ला मोझिलाने 'फेसबुक कंटेनर' आणला. फेसबुकला एका वाटीत बंद करायचं आणि बाकीच्या साइट्सवर तुम्ही फिरताना त्याला तुमचा पास दिसू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. (केंब्रिज ॲनालिटिकाची चोरी यामुळे थांबली नसती बरं का, कारण ती माहिती फेसबुकच्या आतूनच गेली होती. पण बाहेरच्या चहावाल्याची वही मात्र रिकामी राहते.)

त्यानंतर ब्राउजरही शहाणे झाले. ॲपलच्या सफारीने मार्च २०२०मध्ये अशा परक्या कुकीज सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२पासून प्रत्येक साइटच्या कुकीजना आपोआप वेगळी बरणी द्यायला सुरुवात केली. गुगलने क्रोममधून त्या काढणार म्हणून जानेवारी २०२०मध्ये जाहीर केलं, मुदत पुढे-पुढे ढकलली आणि जुलै २०२४मध्ये तो बेतच गुंडाळला. तेव्हा तुम्ही क्रोमवाले असाल तर सेटिंगमध्ये जाऊन 'थर्ड पार्टी कुकीज' स्वतःच्या हाताने बंद करा. आपलं आपणच बघायचं!

पण मी तर क्रोमच वापरतो...

नो टेन्शन! कंटेनर नसला तरी क्रोम आणि एजमध्ये 'प्रोफाइल' आहे. सफारीतही २०२३पासून आलं. वाटी आणि डबा यात जो फरक, तोच कंटेनर आणि प्रोफाइलमध्ये. प्रोफाइल म्हणजे अख्खा वेगळा डबा. खिडकी वेगळी, बुकमार्क्स वेगळे, हिस्टरी वेगळी, सेव्ह केलेले पासवर्डसुद्धा वेगळे.

मग कुणी काय वापरावं? एकाच साइटवर सारखी दोन-चार लॉगिन फिरवायची असतील तर कंटेनर भारी, कारण सगळं एकाच खिडकीत डोळ्यांसमोर राहतं. ऑफिस आणि घर अशी मोठी फाळणी करायची असेल तर प्रोफाइल बरं. आमची मैत्रीण दोन्ही करते. फर्मसाठी कंटेनर आणि बाबांच्या बँकेसाठी घरचा लॅपटॉप.

हो, घरचा लॅपटॉप. यामागेही एक किस्सा आहे.

'एन' दाबलं आणि...

तिच्याच ऑफिसमधला एक डिझाइन इंजिनिअर. पोरगा हुशार, पण गुपचूप नोकरी शोधत होता. कंटेनरचं ऐकून खूश झाला. 'जॉब' नावाची जांभळी वाटी केली आणि लंच टाइममध्ये तिथे नोकरीच्या साइट्स बघू लागला. सगळं सेफ!

मग आली शुक्रवारची मीटिंग. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला. याने काहीतरी उघडायला ॲड्रेस बारमध्ये 'एन' टाइप केलं आणि भिंतीवर दोन फुटी अक्षरात ब्राउजरने आपणहून सुचवलं: नोकरीची साइट! सगळे गप्प. सर म्हणाले, 'चालू दे, चालू दे...' त्या 'चालू दे'चा अर्थ पोरगा अजून शोधतोय.

असं का झालं? कारण कंटेनर कुकीज वेगळ्या ठेवतो, हिस्टरी नाही. बुकमार्क्स, हिस्टरी आणि ब्राउजरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड सगळ्या वाट्यांना कॉमन असतात. वाट्या वेगळ्या, पण झाकण एकच ना!

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. लॅपटॉप कंपनीचा, नेट कंपनीचं. तुमच्या मशीनवर कंपनीने देखरेखीचं सॉफ्टवेअर टाकलेलं असेल तर कंटेनर, प्रोफाइल, इन्कॉग्निटो, सगळं त्याच्यापुढे उघडं. इन्कॉग्निटोबद्दल तर आपल्या डोक्यात भलतेच गैरसमज आहेत. ती खिडकी फक्त तुमच्या मशीनवर मागे खूण ठेवत नाही. वेबसाइट आणि ऑफिसचं नेटवर्क यांना तुम्ही दिसताच. अमेरिकेत याच गैरसमजावरून गुगलवर २०२०मध्ये खटला भरला गेला आणि २०२४मधल्या तडजोडीत गुगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. तेव्हा नोकरी शोधायची तर स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डेटा पॅकवर. पांडवलेणीच्या पायथ्याशी बसून शोधा, पण ऑफिसच्या वायफायवर नको!

कंटेनर अजून काय करत नाही? तुमचा आयपी ॲड्रेस लपवत नाही. तुमच्या स्क्रीनचा आकार, फॉन्ट, सेटिंग यावरून तुम्हाला ओळखण्याची जी 'फिंगरप्रिंटिंग' नावाची युक्ती आहे, तीही थांबवत नाही. खोट्या साइटवर तुम्ही ओटीपी दिलात तर तो तिथे काय करणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा मोबाइल नंबर! कॉलेज रोडवरच्या दुकानात बिल करताना 'मॅडम, नंबर सांगा' म्हटलं की आपण धडाधड दहा आकडे सांगून मोकळे. सगळ्या वाट्यांत तोच नंबर आणि तोच मेल आयडी टाकलात तर चहावाल्याला कुकीची गरजच काय? म्हणून शॉपिंगसाठी निदान एक वेगळा मेल आयडी ठेवा. आणि नंबर मागितला की एकदा विचारा, 'द्यायलाच हवा का?' बहुतेक वेळा नसतो.

आपला हक्क, आपली सवय

'मी काय मोठा माणूस आहे? माझी माहिती घेऊन कोण काय करणार?' असं म्हणणारे खूप भेटतात. पण २४ ऑगस्ट २०१७ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मोठ्या माणसांचा नाही, सगळ्यांचा! त्यानंतर २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. कायदा त्याच्या वेगाने येईल. तोवर आपला मिसळणाचा डबा आपणच नीट लावलेला बरा.

आणि खरं सांगायचं तर यात नुसती प्रायव्हसी नाही. डोक्याची शांतताही आहे. ऑफिसच्या वाटीत बसलं की ऑफिस. ती वाटी बंद केली की घर. रात्री नऊला ऑनलाइन सिनेमाचं तिकीट काढताना शेजारी ऑफिसच्या मेलचा आकडा लुकलुकत नाही, यासारखं सुख नाही, राव!

पाच मिनिटांत डबा लावा!

* फायरफॉक्समध्ये ॲड-ऑनच्या दुकानात जा, 'मल्टी-अकाउंट कंटेनर्स' शोधा. बनवणारी संस्था मोझिलाच आहे ना, ते नक्की बघा. नावाचे डुप्लिकेट खूप असतात.

* ऑफिसचं मशीन असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारा. परस्पर सॉफ्टवेअर टाकून ओरडा खाऊ नका.

* सुरुवातीला तीनच वाट्या करा: ऑफिस, घर, बँक. एकदम दहा केल्यात तर कुठल्या वाटीत काय, हेच विसराल.

* नवा टॅब उघडायच्या अधिकच्या चिन्हावर माउस दाबून धरा. वाट्यांची यादी येईल, हवी ती निवडा.

* बँकेची साइट बँकेच्या वाटीत उघडून 'ही साइट नेहमी याच कंटेनरमध्ये उघडा' हा पर्याय निवडा. मग चुकून दुसऱ्या वाटीतून गेलात तरी ब्राउजर विचारेल.

* ऑफिसच्या अकाउंटने स्वतःच्या ब्राउजर प्रोफाइलमध्ये साइन-इन करू नका. त्यासाठी वेगळं प्रोफाइल करा. नाहीतर घरचे बुकमार्क्स आणि पासवर्ड ऑफिसच्या खात्यात जाऊन बसतील.

* ऑफिसच्या मशीनवर आई-बाबांचा बँकेचा पासवर्ड कधीही सेव्ह करू नका. कंटेनर असला तरी!

* सबमिट दाबण्याआधी एकदा टॅबचा रंग बघा. एका सेकंदाचं काम आहे.

बाय द वे, आमच्या त्या मैत्रिणीचं काय झालं? अप्रेझल ठीकठाक झालं. आणि गेल्या महिन्यात सर स्वतः तिच्या टेबलाशी आले. खुर्ची ओढून बसले आणि हळूच म्हणाले, 'ते तुझे रंगीत टॅब... माझ्या कॉम्प्युटरवर पण टाकून दे ना. काल मी घरच्या मेलवरून कंपनीला कोटेशन पाठवलं.'

तिने काही न बोलता नुसती मान हलवली. मग त्यांच्या पहिल्या वाटीला रंग दिला: लाल!